‘बघतो’ म्हणणं आधी बंद करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात सिस्टिम विभागात तुम्ही आणि हाताखाली दोन मुलं. ईआरपीचे (कंपनीचा सगळा कारभार एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) रिपोर्ट, आयटम मास्टर (मालाची मूळ यादी), लेबलं, बारकोड, प्रिंटर, सगळं तुमच्या गळ्यात. उत्पादन, स्टोअर, परचेस, क्वालिटी, अकाउंट्स, एचआर असे सहा विभाग फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, जिन्यात, कॅन्टीनच्या रांगेत कामं सांगतात आणि प्रत्येकाचं काम अर्जंट. साहेबांचा हुकूम आहे की कुणाला नाही म्हणायचं नाही. रात्री आठला घरी जाऊनही महिन्याच्या आढाव्यात ऐकायला मिळतं, ‘सिस्टिमवाले दिवसभर करतात काय?’ आणि तुम्ही विचारताय की तिकिटाचं, म्हणजे आलेल्या प्रत्येक कामाला नंबर देऊन नोंदवणारं, सॉफ्टवेअर घ्यावं का.

सॉफ्टवेअरचं शेवटी बोलू. मी पहिली नऊ वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात काढली आणि पुढची चौदा साताऱ्याच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. तुमच्या खुर्चीत बसून झालंय. माझं मत असं की काम जास्त आहे हा तुमचा दुसरा त्रास. पहिला त्रास हा की कामांची रांग फक्त तुमच्या डोक्यात आहे. बाकी कुणाला ती दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की रांग नाहीच. आपण सांगितलं आणि हा करत नाही.

साखर कारखान्यात माझी खिडकी केनयार्डकडे उघडायची. जानेवारीत यार्डात वाहनांची ही गर्दी: ट्रक, ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या, बैलगाड्या. गेटवर प्रत्येकाला टोकन. टोकन खिशात घातलं की ड्रायव्हर खुशाल ट्रॉलीखाली गोणपाट टाकून झोपायचा, कारण पुढे किती गाड्या आहेत ते त्याला ठाऊक असायचं. एका रात्री टोकनचं मशीन बंद पडलं आणि गाड्या अंदाजाने सोडायला लागले. तासाभरात काट्यापाशी शिव्यागाळी, मग धक्काबुक्की. ऊस तेवढाच होता, गव्हाण (ऊस टाकायची जागा) तीच, गाळपही कमी झालेलं नव्हतं. फक्त आपला नंबर कितवा, हे कुणालाच कळत नव्हतं.

तुमच्याकडे ते मशीन रोजच बंद आहे.

तर सुरुवात दोनशे पानी वहीपासून. दोन आठवडे काहीही बदलू नका. जसं चाललंय तसं चालू द्या, फक्त लिहा. तारीख, कुणी सांगितलं, काय पाहिजे, कशासाठी, कधीपर्यंत, हातात कधी घेतलं, संपलं कधी. दोन मिनिटांचं कामसुद्धा लिहायचं. ‘जरा पासवर्ड बदलून द्या की’ हेही लिहायचं आणि ‘प्रिंटरमध्ये कागद अडकलाय’ हेही. दिवसभर गेला कुठे, याचं उत्तर बहुतेक वेळा या बारक्या ओळींत सापडतं. मुलांनाही तेच करायला लावा, आणि वही एकच ठेवा. तीन वह्या झाल्या की पुन्हा तीन डोकी झाली.

इथे मी स्वतः माती खाल्ली होती ते सांगतो. साताऱ्यात गेल्यावर हौसेने मी एक फॉर्म केला. चौदा रकाने, खाली विभागप्रमुखाची सही. फॉर्मशिवाय काम घेणार नाही असं सर्क्युलर काढलं. महिन्याभरात तीन फॉर्म आले आणि त्यातले दोन मीच भरलेले. लोक पहिल्यासारखेच जिन्यात गाठत होते, वर ‘आता सरकारी हापीस झालंय’ असं टोमणेही मारत होते. मग उलटं केलं. सांगणाऱ्याने कुठेही, कसंही सांगावं. लिहायचं काम माझं. पण लिहायचं त्याच्यासमोर, आणि लिहून झालं की नंबर सांगायचा: ‘पाटील, तुमचं त्रेसष्ट नंबरला आहे, पुढे सात कामं आहेत.’ फोनवर सांगितलं तर तेवढाच एक मेसेज परत पाठवायचा. दार एक असावं हे खरं, पण त्या दारापर्यंत लोकांना चालत आणायचा आग्रह सोडा. दार तुम्ही घेऊन फिरा.

आता ‘बघतो’.

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान. म्हणून आपण ‘बघतो’, ‘बघू’, ‘होऊन जाईल’, ‘करून टाकू’ असं काहीतरी पुटपुटतो. आपल्या मनात त्याचा अर्थ असतो ‘जमेलसं दिसत नाही’. समोरचा ऐकतो ‘हो’. तो जाऊन आपल्या साहेबाला सांगतो की सिस्टिमवाल्यांनी घेतलंय. तिसऱ्या दिवशी तो येतो तेव्हा तुम्ही शब्द फिरवलेला माणूस असता, आणि खरं तर तुम्ही शब्द दिलेलाच नसतो. माझ्या हिशेबाने निम्मी भांडणं या एका शब्दाची आहेत. त्याऐवजी दोनच वाक्यं तोंडात बसवा. एक, ‘लिहून घेतलं, तुमचा नंबर अमुक, हातात गुरुवारी दुपारी घेईन.’ आणि दुसरं, ‘हे मला या महिन्यात जमणार नाही, मंगळवारी सगळ्यांसमोर ठेवतो, वर घ्यायचं ठरलं तर घेतो.’ दुसरं वाक्य म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळते. पण त्यावर कुणी रागावून गेल्याचं मला फारसं आठवत नाही. ‘बघतो’वर रागावलेले पुष्कळ आठवतात.

लिहिताना ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा सोडू नका. एकदा क्वालिटीच्या एकाने मला रिपोर्ट मागितला: हीट नंबरवार (धातूच्या एका वितळणीतून निघालेल्या मालाला दिलेला नंबर) रिजेक्शन, रोज सकाळी आठला, मेलवर. आमच्याकडे ओतकाम बाहेरून यायचं आणि जीआरएनमध्ये, म्हणजे माल आल्याच्या नोंदीत, हीट नंबर शेऱ्याच्या रकान्यात कसाही लिहिलेला असायचा, कुणी डॅश देऊन, कुणी स्लॅश देऊन, कुणी नुसताच. हे नीट करायचं म्हणजे स्टोअरची एन्ट्री बदलणं आलं, निदान चार दिवसांचं काम. मी होही म्हणालो असतो. पण विचारलं, हे कशाला लागतंय हो? म्हणे, ग्राहकाकडून एका लॉटची तक्रार आलीय, साहेबांनी विचारलं की त्या हीटचा अजून किती माल घरात आहे. म्हणजे पाहिजे होतं एका हीटचं, एकदाच. इनवर्डच्या दोन महिन्यांच्या नोंदी काढून, शेऱ्यात शोधून, पाऊण तासात हाताने यादी दिली. रोज आठचा मेल त्याला नकोच होता; पुन्हा मागायला लागू नये म्हणून त्याने आपला जादा मागून ठेवला होता. माणूस असाच मागतो. रेशनच्या दुकानात साखर आली की गरज नसली तरी पिशवी घेऊन उभं राहायचे ना लोक, तसं. तुमच्याकडून वस्तू वेळेवर मिळत नाही असा अनुभव आला की मागणी फुगते आणि फुगलेल्या मागणीमुळे रांग आणखी लांबते.

थोडं गणित सांगतो, कारण साहेबांपुढे ते उपयोगी पडतं. १९०९ साली एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी फोनच्या गर्दीचा हिशेब मांडला आणि तिथून रांगांचं शास्त्र सुरू झालं. त्यातला सगळ्यात साधा हिशेब असा: काम करणारा एक, कामं कधीही येणारी, काही छोटी काही मोठी. तो माणूस अर्धा वेळ कामात असेल तर नव्या कामाला सरासरी एका कामाइतकं थांबावं लागतं. ८० टक्के वेळ कामात असेल तर चार कामांइतकं. ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. शेवटच्या दोन आकड्यांकडे बघा: ९० वरून ९५, म्हणजे नुसतं पाच टक्के जास्त राबवलं, आणि थांबणं दुपटीवर गेलं. ‘पोरं रिकामी बसलेली दिसता कामा नयेत’ या हट्टापायी रांग अशी वाढते. म्हणून आठवड्याचा बेत आखताना माणसामागे साधारण एक दिवस मोकळा सोडा. तो मोकळा राहतच नाही, प्रिंटर आणि पासवर्ड त्यात येऊन बसतात.

दुसरा हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला आणि तो तोंडी करता येतो. वहीत शिल्लक कामं साठ आहेत आणि आठवड्याला तुमच्याकडून बारा निघतात, तर शेवटी आलेल्याला सरासरी पाच आठवडे लागणार. बस्स. ‘कधी होईल?’ याला आता तुमच्याकडे उत्तर आहे. ते ऐकायला गोड नाही, पण खरं आहे, आणि पाच आठवडे ऐकल्यावर काही लोक ‘मग राहू द्या’ म्हणून आपणहून जातात.

सगळ्या कामांना एकच रांग मात्र लावू नका. आमच्या यार्डात बैलगाड्यांचा काटा वेगळा होता, कारण ट्रक उन्हात उभा राहतो, बैल राहत नाहीत. तुमच्याकडेही बैलगाड्या आहेत: लाइन थांबलीय, गेटवर माल भरलेली गाडी उभी आहे आणि इनव्हॉइस निघत नाही, पगार अडकलाय. या कामांना नंबर नाही, ती सरळ आत. पण बैलगाडी कुणाला म्हणायचं हे मागणाऱ्याने ठरवायचं नाही आणि तुम्हीही ठरवायचं नाही. आमच्याकडे तो अधिकार फक्त प्लांट हेडना दिला होता आणि एका वेळी एकच असं काम चालेल अशी अट घातली होती. दुसरं आलं तर पहिलं कुठलं, हे त्यांनीच सांगायचं. प्लांट हेडना फोन करावा लागतो म्हटल्यावर अर्ध्या कामांतला जीव जाण्याइतका अर्जंटपणा आपोआप उतरला. आणि एक नियम मी कधी मोडला नाही. मध्ये घुसलेल्या कामामुळे ज्याचं काम मागे गेलं, त्याला त्याच दिवशी मी स्वतः फोन करायचो. त्याने येऊन विचारायच्या आधी.

काही कामं उगाच अर्जंटचा फेटा बांधून येतात, खरं तर त्यांची तारीख कॅलेंडरवर असते. टीडीएस ७ तारखेला भरायचा, जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१ ११ ला, पीएफ १५ ला, जीएसटीआर-३बी २० ला. मार्चच्या टीडीएससारखा एखादा अपवाद सोडला तर दर महिन्याला. तरी दर महिन्याच्या दहाला संध्याकाळी अकाउंट्समधून फोन येतो की विक्रीचा रिपोर्ट जुळत नाही, लगेच बघा. साखर कारखान्यात ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं असतं; पंधरवड्याचं बिल कधी काढायचं हे हंगामाच्या पहिल्या दिवशीच कळलेलं असायचं, तरी दर पंधरवड्याला तीच धावपळ. शेवटी मी अकाउंट्सच्या बाईंना म्हटलं, मॅडम, मी पाच तारखेला स्वतःच येतो, आपण दोघं एकदा जुळवून बघू. पाचला अर्धा तास बसलं की दहाची संध्याकाळ वाचते. असली कामं वहीत यायची वाटच बघू नका. महिन्याच्या एक तारखेला तुम्हीच लिहून टाका.

राहिलेली रांग कुणी लावायची? तुम्ही नाही. ही गोष्ट कळायला मला कितीतरी वर्षं लागली. स्टोअरचं काम मोठं की डिस्पॅचचं, हे सिस्टिमवाल्याने ठरवलं की एक जण कायमचा दुखावतो. म्हणून मंगळवारी सकाळी साडेनऊला वीस मिनिटं, सगळे विभागप्रमुख, उभ्यानेच, बोर्डासमोर. बोर्डावर या आठवड्याच्या पाच जागा. पहिल्याच मंगळवारी शेवटच्या जागेसाठी दोघे अडले. डिस्पॅचला ग्राहकाच्या पोर्टलवर एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) आपोआप जायला हवं होतं, स्टोअरला रॅकची लेबलं छापून हवी होती.

डिस्पॅचवाले म्हणाले, “तुम्ही आठ दिवस लेबल हातानं लिहिलं तर काय बिघडतंय?”

स्टोअरवाले म्हणाले, “हातानं लिहिलं की एकाचा सात आणि दुसऱ्याचा एक सारखाच दिसतोय. गेल्या महिन्यात चुकीचं बेअरिंग लाइनवर गेलं ते कशानं?”

“आणि माझी गाडी ग्राहकाच्या गेटवर चार तास उभी राहती, त्याचं?”

“रोज?”

डिस्पॅचवाले जरा थांबले. “रोज न्हाई. आठवड्यात एखाद वेळी.”

“मग माझं आधी घ्या. पुढल्या मंगळवारी तुमचं, मी मधी बोलणार न्हाई.”

मी खडू हातात धरून गप्प उभा होतो. हेच मी तीन महिने एकेकाला वेगवेगळं समजावत फिरलो होतो. त्यांनी पाच मिनिटांत मिटवलं, कारण पहिल्यांदा त्यांचं भांडण माझ्याशी नव्हतं.

तुमच्या साहेबांच्या ‘नाही म्हणायचं नाही’ या हुकमाचं उत्तरही यातच आहे. वाद घालू नका, तक्रारही नेऊ नका. वही घेऊन जा आणि एकच विचारा: ‘साहेब, कुणालाच नाही म्हणालेलो नाही, साठ कामं घेतलीत. यातलं पहिलं कुठलं घेऊ?’ साहेबांनी पाच निवडून दिली तर उत्तम. ‘सगळीच घे’ म्हणाले तर मंगळवारच्या बैठकीला त्यांनी एकदा येऊन उभं राहावं अशी विनंती करा. बैठक बोलावायचा अधिकार तुमचा नाही, त्यांचा आहे. तेवढं एक काम त्यांच्याकडून करून घ्या. ते एकदा आले की पुढच्या वेळी विभागप्रमुख येतात. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ते ‘आमच्या पोराला पाठवतो’वर येतात आणि बैठक मेली म्हणून समजा.

हातात घेतलेल्या कामांवर मर्यादा हवी, हे इथे ऊसपट्ट्यात समजावून सांगावं लागू नये. उभा ऊस चार दिवस थांबू शकतो. तोडलेला थांबत नाही. वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो, म्हणून चोवीस तासांत गाळपाला जावा अशी धडपड असते. टोळी घालून चार एकर तोडून ठेवायचं आणि वाहनच नाही, असं कुठला शेतकरी करेल? पण आपण कार्यालयात हेच करतो. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून दहा रिपोर्ट थोडे थोडे सुरू करतो. अर्धवट सोडलेल्या कामाकडे आठ दिवसांनी परत गेलं की आधी कुठवर आलो होतो हे शोधण्यातच सकाळ जाते. माणसामागे दोन, फार तर तीन कामं सुरू. एक संपल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही.

आता आपल्या भागातली खास अडचण: पाहुणे. सांगली-साताऱ्याकडे कंपनीत कोण कुणाचा मेव्हणा, कोण गावचा, कोण शाळेतला, हे काढायला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागत नाही. तुमच्या हाताखालच्या पोराला शॉपवरचा कुणीतरी सुपरवायझर गाठतो, ‘अरे आपल्याच गावचा ना तू, एवढं काढून दे की गुपचूप.’ पोरगं बिचारं काढून देतं. उसाची तोड मिळवायला जसा चिटबॉय (कारखान्याचा तोडीची चिठ्ठी देणारा माणूस) गाठावा लागतो, वर टोळीला खुशाली (हातावर ठेवायचे जादा पैसे) द्यावी लागते, तसलाच हा प्रकार, फक्त इथे खुशाली म्हणजे वडापाव. पोरावर ओरडू नका. त्याला एक वाक्य द्या: ‘दादा, करतो की, पण वहीत लिहिल्याशिवाय सर मला मशीनवर बसू देत नाहीत.’ वाईटपणा तुमच्याकडे येतो, येऊ द्या. त्याचाच पगार आहे तुम्हाला. मात्र मग तुमच्या स्वतःच्या पाहुण्यालाही नंबर घ्यावा लागेल. माझ्या सख्ख्या साडूचं काम एकदा पाच आठवडे थांबलं होतं. दिवाळीत त्याने ते सगळ्यांसमोर काढलं.

महिन्याच्या आढाव्याला एक कागद न्या: आलेली कामं, झालेली, शिल्लक, विभागवार. जास्त सजवू नका. ‘करतात काय?’ या प्रश्नाला ती तीन आकड्यांची ओळ पुरते, आणि शिल्लक दर महिन्याला वाढतच असेल तर चौथं माणूस मागायला दुसरा पुरावा लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडू नका, उगाच राग येतो लोकांना. आवाज बंद करा. दिवसातून दोनदा, समजा साडेदहा आणि साडेतीनला, बघा आणि वहीत उतरवा. लाइन थांबली असेल तर माणूस फोन करतोच.

सॉफ्टवेअर: आत्ता नको. वही सहा महिने नीट चालली तर गूगल शीटवर न्या, म्हणजे इतरांनाही आपला नंबर बसल्या जागी दिसेल. तिथेही दोन वर्षं निघाली आणि विभाग वाढले तर तिकिटाचं बघा. वही न चालणाऱ्या ठिकाणी घेतलेलं सॉफ्टवेअर माझ्या चौदा रकान्यांच्या मार्गाने जातं.

आणि तीन महिने कुणीही हात न लावलेली कामं काढून त्या त्या माणसाला विचारा, अजून पाहिजे का. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा वहीतली बावीस कामं एका दुपारीत गेली. एकाने तर उलट मलाच विचारलं, “हे मी कधी सांगितलं होतं?” तारीख दाखवली, खाली त्याचं नाव. तो हसला, म्हणाला, खोडा. ज्या मशीनसाठी त्याने रिपोर्ट मागितला होता ते मशीन पावसाळ्याआधीच भंगारात गेलेलं.